खिडकीपलीकडची अट

तुम्ही माझ्या पोरीचं बरोबर उत्तर चूक ठरवलंत. ठरवलंत ते ठरवलंत, वरून तिच्याच पुढं कागद सरकवून म्हणालात, "हरकत नाही असं लिहून दे."

तुमचं नाव इथं लिहीत नाही. घाबरून नाही. मी पेंटर आहे. निम्मं आयुष्य नावं रंगवण्यात गेलं. दुकानांची, पुढाऱ्यांची, ऑटोच्या मागं लेकरांची. नाव एकदा मोठ्या अक्षरात आलं की लोक तेवढंच वाचतात आणि निघून जातात. तुम्ही पुढचं वाचावं म्हणून नाव गाळलं.

परभणीहून पोखर्णीकडं जाताना डाव्या अंगाला आमची शाळा लागते. आठवीपर्यंत. माझी बायको बबिता तिथं पोषण आहाराची खिचडी शिजवते आणि आमची सुकेशनी तिथंच आठवीत होती. मी स्वतः गणितापायी नववीतून शाळा सोडली, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गणिताच्या राजेश्री मॅडम मला म्हणाल्या, "सिद्धोधनभाऊ, भिंतीवर गणित काढायचंय," तेव्हा शेजारी उभी असलेली बबिता तोंडाला पदर लावून हसली.

"मॅडम, ह्यांना आंबा काढू द्या. आंबा लय चांगला काढतेत."

आंबा, मोर, बाराखडी सगळं लहान वर्गांच्या भिंतींवर आधीच झालं होतं, माझ्याच हातचं. सरकारी भाषेत त्याला बोलक्या भिंती म्हणतात. आठवीच्या वर्गाबाहेरची लांब भिंत तेवढी मुकी राहिली होती. मॅडमनी खाली बसून खडूनं ओट्यावरच लिहून दाखवलं.

(x² − 25)/(x + 1) × (x² − 1)/(x − 5)

"हा अपूर्णांकांचा गुणाकार," त्या म्हणाल्या. "फक्त आकड्यांच्या जागी राशी आहेत. आधी अवयव पाडायचे. मग वर आणि खाली जे सारखं दिसेल ते काटायचं. उरेल ते सरळरूप."

त्याखाली त्यांनी अवयव लिहिले आणि त्याच्याखाली उरलेलं.

= (x + 5)(x − 5)/(x + 1) × (x + 1)(x − 1)/(x − 5)

= (x + 5)(x − 1)

मला त्यातलं काही कळलं नाही. कळायची गरजही वाटली नाही. उर्दू पाट्या मी नमुना बघून रंगवतोच की. निळीत भिजवलेला दोरा ताणला, टिचकी मारली, भिंतीवर सरळ रेघा उमटल्या. काळ्या रंगात वरच्या दोन ओळी काढल्या. त्या वाळल्यावर मॅडमनी सांगितल्याप्रमाणे जे जे सारखं होतं ते ते काटलं.

आमच्या धंद्यात काटायची एकच रीत. चुकलेल्या अक्षरावर पांढऱ्या रंगाचा हात मारायचा आणि साफ करायचं, काही नव्हतंच असं. मी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या आणि भिंतीसमोर उभ्याच राहिल्या. दुसऱ्या ओळीला चार जागी भोकं पडली होती.

"अहो, हे कुठं गेले?"

"काटले की. तुमीच म्हणला."

मॅडम पायरीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग म्हणाल्या, "काटायचं म्हणजे पुसायचं नाही हो. वरून एक तिरपी रेघ. रेघेखालचं वाचता आलं पाहिजे."

"वाचून काय करायचं? गेलं ना ते?"

"गेलं. पण जाताना एक अट ठेवून गेलं."

ती अट त्यांनी ओट्यावर लिहिली. x ≠ −1, x ≠ 5. बरोबरीची खूण आणि तिच्यावर काट. मला वाटलं हेही त्यांनी चुकून लिहिलंय आणि खोडलंय. विचारायला गेलो असतो तर बबितानं आंब्याचं पुन्हा काढलं असतं, म्हणून गप्प बसलो.

पुसलेले चार कंस पुन्हा काळ्या रंगात काढले, त्यांच्यावर लाल तिरप्या रेघा दिल्या. आता अडचण वेगळीच झाली. तिसरी ओळ मी ऐटीत मोठ्या अक्षरांत काढली होती आणि ती खिडकीच्या चौकटीला जाऊन टेकली. अटीला जागाच उरली नाही.

"मॅडम, शेपूट राहू द्या. गणित तर झालं."

"शेपूट नाही ते. त्याच्याशिवाय गणित खोटं. खिडकीच्या पलीकडं काढा."

खिडकीच्या पलीकडं हातभर जागा होती, पण ती मुंजाजीरावांची होती. मुंजाजीराव म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. शेत बेताचं, आवाज मोठा. त्या जागी त्यांचं आणि सदस्यांचं नाव यायचं ठरलं होतं, आणि ते आलं का बघायला ते रोज चक्कर मारत होते. त्या दिवशीही आले.

"सिद्धोधन, हे काय काढायलास? माझं नाव कुठं हाय?"

"ही अट हाय, मुंजाजीराव. तुमचं नाव पाण्याच्या टाकीवर काढतो."

"टाकीवर? पाणी झिरपायलंय तिथं. दोन महिन्यांत मुंजाजीतला नुसता मुं राहील. मला काय मुं म्हणून हाका मारायच्या का लोकांनी?"

"मॅडम म्हणल्यात."

मॅडमचं नाव निघालं तसं मुंजाजीराव निवळले. त्यांची नात पाढे म्हणायची ती मॅडममुळं, आणि हे ते स्वतःच गावभर सांगत असतात. काट मारलेल्या खुणेकडं त्यांनी बराच वेळ बघितलं.

"बरोबर न्हाई, असा अर्थ होतोय का ह्याचा?"

"होय."

"माझ्या नावाच्या जागी 'बरोबर न्हाई'. वा रे वा," असं म्हणून ते गेले.

शाळा उघडली. दुपारी पोरं ताटल्या घेऊन त्याच भिंतीला धरून खिचडीच्या रांगेत उभी राहायची. उभ्या उभ्या भिंत वाचायची, सगळी मिळून, सुरात. "एक्स वर्ग वजा पंचवीस, छेद एक्स अधिक एक..." रांग पुढं सरकायची तसं गणितही पुढं सरकायचं. पण खिडकीपाशी रांग वळायची, कारण तिथून स्वयंपाकाच्या शेडकडं जायचं. खिचडीचा वास आला की गणित संपलं. खिडकीच्या पलीकडं कुणी वाचतच नव्हतं. आख्खी शाळा त्या गुणाकाराला खिडकीपर्यंत ओळखत होती.

सुकेशनी तेवढी पलीकडं पोचली. तिच्यात काही वेगळं होतं असं नाही. आई भांडी घासून होईपर्यंत तिला थांबावं लागायचं आणि सावलीतली पायरी नेमकी त्या अटीखाली होती. तिथं बसून ती तोंड वर करून बघत राहायची.

सहा डिसेंबरला आमच्या विहारात दिवसभर अभ्यासाला बसायची रीत आहे. ज्याला वाचता येतं तो पुस्तक घेऊन बसतो, ज्याला येत नाही तो वाचणाऱ्याजवळ बसतो. बोलायचं नाही. बबिता सातवीपर्यंत शिकलेली, ती सुकेशनीला लागून बसली होती. मी त्यांच्या मागं. थोडा वेळ बबितानं दम धरला, मग पोरीच्या कानाला लागली.

"हे दोघं काटले काऊन?"

"वर बी एक्स वजा पाच, खाली बी एक्स वजा पाच. सारखे हायत म्हणून काटले."

"मंग गेले ना ते? पलीकडं त्यांचं नाव कशाला ठिवलं मॅडमनी?"

सुकेशनीनं पेन दातात धरला. मलाही ऐकायचं होतं, मी पुढं सरकलो.

"मम्मी, तू खिचडी वाटतीस ना. वरची राशी म्हणजे टोपातली खिचडी. खालची राशी म्हणजे पोरं. भागाकार म्हणजे एकेकाला किती."

"बरं."

"एक दिवस खाली शून्य झालं. एक बी पोरगं न्हाई आलं. मंग एकेकाला किती?"

"सगळी माझ्या टोपातच की."

"टोपात किती, असं न्हाई विचारलं. एकेकाला किती?"

"एकेकाला म्हणजे कुणाला? कुणी आलंच न्हाई तर कुणाच्या ताटलीत वाढू? त्या दिवशी सुट्टी असंल बाई शाळेला."

सुकेशनी फस्सकन हसली. समोरून कुणीतरी खाकरलं. तिनं तोंडावर हात धरला, पण खांदे हलतच राहिले.

"सुट्टीच! एक्स पाच झाला की एक्स वजा पाच शून्य होतं. खाली कुणीच न्हाई. म्हणून त्या दिवशी सुट्टी. काटलं तरी सुट्टी ती सुट्टीच ऱ्हाती."

"आस्सं. म्हणजे पलीकडं सुट्ट्यांची पाटी लावलीय म्हण की."

"हां!"

मला ते कळलं, आणि तेव्हाच कळलं. मी मागून म्हणालो, "बरं झालं पुसलं न्हाई मी ते."

बबिता वळून म्हणाली, "पुसलंच होतं तुमी."

जानेवारीत तुमची परीक्षा झाली. गणित प्रावीण्य परीक्षा. प्रत्येक तालुक्यातली पहिली पाच लेकरं उन्हाळ्याच्या सुट्टीत रेल्वेनं दक्षिणेत नेणार, जिथून रॉकेट उडतं ती जागा दाखवणार आणि येताना समुद्र. रॉकेटाचं अप्रूप बाकीच्यांना. आमच्या पोरीला समुद्र पाहिजे होता. तिनं पाणी बघितलंय ते गंगाखेडच्या गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, तेही उन्हाळ्यातलं, जिथं पलीकडची माणसं कोणत्या रंगाचं लुगडं नेसलीत ते दिसतं. ती मला विचारायची, "पप्पा, समुद्राचा पलीकडचा काठ दिसतच न्हाई म्हणतेत. खरं का?" मी कधी बघितला? मी भिंतींवर समुद्र काढलाय, निळा रंग संपला की काठ काढून मोकळा व्हायचो.

परीक्षेला ती आणि तिची मैत्रीण निकिता अशा दोघी माझ्या मोटारसायकलवर परभणीला गेल्या. निकिता म्हणजे आमच्या शेजारच्या गल्लीतली, वर्गात हिच्याच बाकावर बसणारी. येताना मागं दोघींची उत्तरं जुळवणं चाललं होतं.

"त्या गुणाकाराचं काय लिहिलंस गं?"

"तीस. तू?"

"सुट्टी."

"आगं, सुट्टी असा पर्यायच नव्हता!"

"चौथा. यांपैकी नाही."

"मी तर पटापटा काटलं अन् तीस आलं."

"खाली बघितलंस का?"

"खाली कशाला बघू? काटल्यावर खाली काय उरतंय?"

तो प्रश्न तुम्हाला पाठ असेल, पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. x = 3 असेल तर किंमत काढा :

(x² − 9)/(x − 2) × (x² − 4)/(x − 3)

पर्याय होते शून्य, पाच, तीस आणि यांपैकी नाही. अवयव पाडून काटाकाट केली तर उरतात (x + 3)(x + 2). त्यात तीन घातले की सहा गुणिले पाच, तीस. तुमच्या उत्तरसूचीत तीस आलं. पण दुसऱ्या अपूर्णांकाच्या खाली x − 3 आहे. x तीन असेल तर खाली शून्य. ताटली घेऊन कुणीच उभं नाही.

निकाल लागला. तालुक्यात निकिता पाचवी. सुकेशनी सहावी, एका मार्कानं.

ती रडली नाही. निकिताच्या घरी पेढा खाऊन आली. मग शाळेत जाऊन त्या पायरीलगतच्या ओट्यावर खडूनं ते गणित आधी काटून केलं, मग न काटता केलं, आणि शेडमध्ये आईपाशी गेली. मी तिथंच चहा पीत होतो.

"मम्मी, टोप रिकामा, पोरं न्हाईत, शाळा बंद. अन् हे म्हणतेत एकेकाला तीस तीस वाढा."

बबिता पातेलं आपटून म्हणाली, "कुठनं आणली म्हणावं एवढी खिचडी?"

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. हरकत अर्ज केला. राजेश्री मॅडमनी त्यावर सही केली, त्यांची नोकरी तुमच्यासारख्यांच्या शेऱ्यावर चालते हे माहीत असून केली. अर्ज घेऊन मी, सुकेशनी आणि मुंजाजीराव परभणीला शिक्षण खात्याच्या कचेरीत, वरच्या मजल्यावर तुमच्याकडं आलो. मुंजाजीरावांना मी बोलावलं नव्हतं. ते म्हणाले, "मी अध्यक्ष हाय. टाकीवर का असंना, नाव हाय." इस्त्रीचा सदरा घालून फाट्यावर आधीच उभे होते.

तुम्ही वाईट वागलात असं म्हणणार नाही. पोरीला खुर्ची दिलीत, पाणी दिलंत, नाव विचारलंत. अर्ज वाचलात आणि हसलात.

"बाळ, पद्धत अशी असते. आधी सरळरूप द्यायचं, मग किंमत टाकायची."

सुकेशनी म्हणाली, "सर, आधी किंमत टाकली तर?"

"आधी टाकायची नसते."

"काऊन सर?"

"अगं, खाली शून्य येतं ना!"

हे तुम्ही म्हणालात. तुमच्या तोंडानं. मुंजाजीरावांनी मांडीवर थाप मारली. "मंग झालं की साहेब! मिटलं!"

मिटलं नाही. तुम्ही चष्मा काढून पुसला, पेपर तुम्हीच काढल्याचं सांगितलंत, आठवीच्या पोरांनी एवढं खोलात जायचं नसतं म्हणालात. मग आवाज मऊ केलात. सोनपेठकडची एक मुलगी मावशीच्या लग्नामुळं सहलीला येणार नाही, एक जागा मोकळी आहे, सुकेशनीला तिथं घेऊ. फक्त हा अर्ज मागं घ्यायचा. उत्तरसूचीबद्दल हरकत नाही, एवढी एक ओळ.

आणि कोरा कागद तिच्यापुढं सरकवलात.

तुम्हाला कदाचित वाटलं असेल की आपण पोरीवर उपकार करतोय. मीही क्षणभर तसंच समजलो. समुद्र एका ओळीवर आला होता. मुंजाजीराव तर तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लिही माय. समुद्र बघून ये. कागदाचं काय घेऊन बसलीस?"

तिनं पेन घेतला. टोपण काढलं. कागदाकडं बघत राहिली. मग तुमच्याकडं बघून अगदी साधेपणानं म्हणाली, "पण हरकत हाय की सर."

"अगं, नुसतं लिहायचंय."

"मंग भिंतीवरचं पुसावं लागंल."

"कुठली भिंत?"

मी सांगणार होतो, पण मुंजाजीराव खुर्चीतून उठले. त्यांचा आवाज शेतातला, दाराबाहेरची माणसं आत डोकावली.

"आमच्या शाळेची भिंत, साहेब. खिडकीच्या पलीकडं बरोबर न्हाईची खूण काढलीय, लाल काट मारून. ती जागा माझी होती, माझ्या नावाची. मी सोडली, मॅडम म्हणल्या खरं हाय म्हणून. आता तुमी म्हणा ते खोटं हाय. आजच म्हणा. मी जाऊन तिथं माझं नाव टाकतो. लय दिवसाची इच्छा हाय माझी."

तुम्ही 'खोटं आहे' म्हणाला नाहीत. मी वाट बघितली. तुम्ही म्हणालात, "विचार करून कळवू." सुकेशनीनं टोपण लावून पेन तुमच्या टेबलावर ठेवला, कागद कोराच परत सरकवला.

खाली आल्यावर मुंजाजीरावांनी आम्हाला रसवंतीवर नेलं. रस पिताना ते तिला म्हणाले, "माय, मी तुला लिही म्हणलं ते मनावर घेऊ नकोस. मला वाटलं, पोरीनं पाणी बघावं."

"न्हाई घेतलं, आबा."

"अन् ते एक्स तीन असल्यावर खरंच काहीच येत न्हाई का गं? थोडं तरी?"

"सुट्टी असती आबा."

"सुट्टी तर सुट्टी," असं म्हणून त्यांनी तिच्या ग्लासात आपला अर्धा रस ओतला.

अंतिम उत्तरसूची आली. तीस. आमच्या अर्जावर शेरा आला, 'निकाली'. का, कसं, एक अक्षर नाही. मोकळी जागा मोकळीच गेली, हे नंतर निकितानंच सांगितलं. रेल्वेत तिच्या समोरच्या बाकावर सगळ्यांच्या पिशव्या ठेवल्या होत्या.

निकिताला सोडायला आम्ही परभणीच्या स्टेशनवर गेलो होतो. सुकेशनीचाच हट्ट. बबितानं दोघींसाठी केलेल्या दशम्या एकीलाच बांधून दिल्या. निकिता रडकुंडीला आली होती. खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून म्हणाली, "तू पलीकडचं वाचलंस गं. मी खिडकीपर्यंतच वाचलं."

"गप. तिथल्या शास्त्रज्ञाला इचारून ये, एक्स तीन असला तर काय."

"इचारते. आईची शपथ इचारते."

आठवड्यानं ती परत आली ती शिंपले घेऊन. रॉकेटाचं सांगितलं, डोशाचं सांगितलं. सुकेशनीनं विचारलं, "इचारलंस का?"

"इसरले गं. समुद्र बघितला अन् सगळंच इसरलं."

मला राग आला असता, पण सुकेशनीच हसत सुटली आणि मग दोघी हसत सुटल्या. हसणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "पलीकडचा काठ दिसला का?"

"न्हाई. नुसतं पाणीच."

"पण असंल ना काठ?"

"असंल की. दिसत न्हाई म्हणून नसतो का?"

त्या संध्याकाळी मी रंगाचा डबा उघडला. खिडकीपलीकडच्या अक्षरांवर दुपारचं ऊन पडून ती फिकी झाली होती. सुकेशनी शिडी धरून उभी राहिली आणि मुंजाजीराव टाकीपाशी बसून सूचना करायला लागले. झिरपून झिरपून टाकीवर त्यांच्या नावाचं खरंच थोडंच उरलं होतं, तरी ते म्हणाले, "अजून मोठं काढ. रस्त्यावरून एसटीतून दिसलं पाहिजे." मी मोठं काढलं. लाल काट जाड केली. पोरं आठवीतून निघून गेली, सुकेशनी पण आता नववीला परभणीला जाते. पण खिचडीच्या रांगेला बबितानं नवा नियम घातलाय. रांग खिडकीपाशी वळायची नाही. भिंत संपेपर्यंत जायची, पलीकडचं मोठ्यानं वाचायचं, मग वळायचं. जो वाचणार नाही त्याला हातातला खिचडीचा डाव दाखवते. पोरं ओरडतात, "एक्स बरोबर न्हाई वजा एक! एक्स बरोबर न्हाई पाच!" आणि मगच ताटली पुढं करतात.

पुढच्या वर्षी तुमचा पेपर परत निघेल. निकितासारखी पोरं पटापटा काटतील आणि तुम्ही त्यांना मार्क द्याल. सुकेशनीसारखी एखादी खाली बघेल आणि तुम्ही तिचा मार्क काढून घ्याल. वर कोरा कागद पुढं कराल. म्हणून मी हे लिहिलंय आणि माझं नाव, गावाची वाट, भिंत सगळं उघडं ठेवलंय.

या एकदा. शाळेच्या वेळेत या, खिचडीच्या आधी. खडू मॅडम देतील. काटाकाट करायच्या आधी, पहिल्याच ओळीत, तुमच्याच प्रश्नात x च्या जागी तीन घाला. खाली काय येतं ते रांगेतल्या पोरांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचा. आणि मग त्यांच्याच तोंडावर सांगा साहेब, तीस कुठून आणलेत?